वसतिगृहातली शिवी आणि कायदा

पुण्यातल्या एखाद्या कॉलेजची मेस डोळ्यांपुढे आणा. मणिपूरच्या दोन मुली जेवायला बसल्या आहेत. एक तांगखुल नागा, दुसरी मैतेई. मागच्या टेबलावरून त्यांच्याच वर्गातला मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना ‘चिंकी’ म्हणतो आणि चारजण हसतात. अपमान दोघींचा सारखाच झाला. पण नागा मुलगी अनुसूचित जमातीतली, त्यामुळे तिला १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घेता येतो. मैतेई समाज त्या यादीत नाही, म्हणून तिच्या मैत्रिणीला तो मिळत नाही. बरोबरीच्या मुलांकडून होणारा वांशिक छळ आणि त्यावरचे कायदेशीर उपाय, या अभ्यासक्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याला सगळ्यात आधी अडतो तो हाच पेच.

वंशभेद आपल्या कायद्याला अपरिचित आहे, असं मुळीच नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात वंश हा आधार स्पष्ट नमूद आहे. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारालाही भारताने १९६८ मध्ये मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून खून केला किंवा जबर दुखापत केली, तर वेगळी तरतूद आहे. म्हणजे इतकं टोक गाठलं गेलं, की वंश हे कारण कायद्याला दिसतं. रोजच्या टोमण्यांचं काय? कलम १९६ आहे, पण ते समाजगटांत वैर पेटवण्याबद्दल आहे; मेसमधल्या एका मुलीचा अपमान त्यात सहसा बसत नाही. उरतं कलम ३५२, हेतुपुरस्सर अपमानाचं. तो अदखलपात्र गुन्हा. पोलीस एनसी लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. चौकीतून एनसीचा कागद घेऊन परतलेली मुलं ‘इथे काही होत नाही’ म्हणतात, त्याचं हे साधं कारण आहे.

ही पोकळी सरकारला ठाऊक आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून हिणवलं गेलं, पुढे मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने दंडसंहितेत १५३-क आणि ५०९-अ ही दोन नवी कलमं घालण्याची शिफारस केली. ती कलमं झाली नाहीत. दंडसंहिता जाऊन नवी संहिता आली, तीतही त्यांना जागा मिळाली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये कर्मा दोरजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा घटनांवर देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. गुन्हा मात्र नव्याने कुणी लिहिला नाही. माझ्या मते हा आपल्या कायद्यातला सर्वांत लाजिरवाणा विलंब आहे.

तरीही त्या मैतेई मुलीच्या हातात काही नाही, असं समजू नका. तिचा खरा आधार आहे तो रॅगिंगविरोधी नियमांचा, आणि अनेक वकिलांचंही तिकडे लक्ष जात नाही. रॅगिंग म्हणजे सीनियरने ज्युनियरला छळणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये व्याख्या रुंदावली. रंग, वंश, दिसणं, प्रांत, भाषा, जन्मस्थान यांवरून कोणत्याही विद्यार्थ्याचा, तो नवा असो वा जुना, शारीरिक किंवा मानसिक छळ करणं, त्याला वगळणं, हेही आता रॅगिंगच. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा तर त्याहून जुना. त्यात चिडवणं आणि शिवीगाळ आहे, संस्थेच्या आवाराबाहेरची घटनाही आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. हयगय केली तर त्यालाच गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल जबाबदार धरता येतं. ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्या रेक्टरला आणि प्राचार्यांना हे कलम नम्रपणे, पण लेखी, दाखवावं.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्याही अटी नीट समजून घ्याव्या लागतात. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, अपमान करण्याचा हेतू दिसावा, आणि तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा. बंद खोलीत दोघांतच बोलणं झालं, तर प्रकरण लंगडं पडतं. मेसमध्ये, जिन्यावर, वर्गात झालं, तर उभं राहतं. परराज्यातल्या जमातीच्या माणसाला महाराष्ट्रात हे संरक्षण मिळतं का, ही शंका होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये ‘मिळतं’ असं उत्तर दिलं.

आरोपी अकरावी-बारावीतला, अठराच्या आतला असेल, तर वाट बदलते. तिथे बाल न्याय मंडळ येतं, समुपदेशन आणि समाजसेवेसारखे आदेश येतात. हे काहींना मवाळ वाटेल. मला ते योग्य वाटतं, कारण शिवी देणारंही शिकण्याच्याच वयात आहे. फक्त त्यामुळे तक्रार नोंदवायचीच नाही, असं होता कामा नये.

ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या भीतीने ईशान्येकडची मुलं पुणे स्टेशनवरून गाड्या भरभरून गावी निघाली होती. तरी मराठीत या विषयावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची शिवी ‘लोकांच्या नजरेसमोर’ धरायची का? आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याला अ‍ॅट्रॉसिटी कायदा नाही आणि मतदानाचा हक्कही नाही, मग त्याच्यासाठी कोण बोलणार? कायदा, समाजशास्त्र, शिक्षण, कुठूनही या. काम पुष्कळ पडलं आहे.

सुरुवात करायची तर तक्रारअर्ज वाचण्यापासून करा. बहुतेक अर्जांत ‘अपशब्द वापरले’ एवढंच असतं. तक्रार लिहिणाऱ्याला संकोच वाटतो आणि लिहून घेणाऱ्यालाही. पण हेतू सिद्ध व्हायचा तो उच्चारलेल्या शब्दांतूनच. म्हणून नेमका शब्द, तो कोणी, कुठे, किती वाजता उच्चारला आणि तेव्हा कोण कोण ऐकत होतं, हे सगळं अर्जात आलं पाहिजे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली पाहिजे.