जुनी बॉडी, नवे इंजिन

वाचकहो, औंढा नागनाथाच्या देवळात आपण कधी ना कधी जाऊन आला असाल. दर्शनाच्या घाईत तिथली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रदक्षिणा घालताना खालच्या भिंतीकडे पाहा. काळा घडीव दगड, त्यावर मूर्तींचे थरावर थर. हे काम यादवकाळचे. आता मान वर करा. शिखर निराळ्याच हाताचे आहे, ते पेशवाईच्या धाटणीचे. जुना माथा भंगल्यावर तो पुन्हा उभारला गेला, आणि परंपरा त्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना देते. अंग एका शतकाचे आणि माथा दुसऱ्या शतकाचा. पण म्हणून हे नागनाथाचे देऊळच नव्हे, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

परंतु आज मला देवळाविषयी बोलायचे नाही, मोटारगाडीविषयी बोलायचे आहे. हसू नका! इतिहासाच्या मास्तराने गॅरेजमध्ये शिरू नये असा काही नियम नाही. जुन्या गाडीतले मूळ इंजिन काढून तिथे नवे बसवायचे, आतली बैठक आणि दिवेपाणी बदलायचे, आणि बाहेरचे रूप तेवढे जुने ठेवायचे, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात कित्येक दशके चालत आली आहे. तिची नोंद मात्र कोणी फारशी ठेवलेली नाही. आणि आता तर ती नोंद ज्या लोखंडावर आहे, ते लोखंडच भंगारात जाऊ लागले आहे.

आधी थोडे अमेरिकेकडे पाहू, कारण या विद्येचा बोलबाला तिथे मोठा. 1960 च्या दशकात तिकडे दांडग्या इंजिनांच्या गाड्या निघाल्या. त्यांना ते लोक ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे पिळदार दंडाची गाडी. आज तिकडचे शौकीन अशा गाडीतले जुने इंजिन उतरवतात आणि त्या जागी 1997 मध्ये कॉर्व्हेट गाडीतून पुढे आलेले, ‘एल.एस.’ घराण्याचे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवतात. सोबत नवे ब्रेक, नव्या खुर्च्या, वातानुकूलन. यावर नाक मुरडणारेही आहेत. त्यांच्या मते गाडी बाटली. पण गंमत पाहा. ही जात सुरू करणारी म्हणून जिचे नाव घेतात ती 1964 ची पॉन्टिॲक जीटीओ ही गाडी स्वतःच इंजिनाच्या अदलाबदलीतून जन्मलेली! मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा घरचा नियम होता. जॉन डीलॉरियन आणि त्याच्या सोबतच्या अभियंत्यांनी मोठ्या गाडीचे 389 घन इंचांचे इंजिन मधल्या गाडीत बसवून पाहिले, आणि नियम चुकवण्यासाठी ते ‘ग्राहकाने मागितल्यास’ या सदराखाली विकायला काढले. तेव्हा ज्या गाडीच्या शुद्धतेसाठी भांडायचे, तिची कुळकथाच अशी आहे.

आपल्याकडे कारण निराळे होते. तिथे हौस होती, इथे अडचण होती. ही अडचण कशी उभी राहिली ते नीट सांगितले पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

मुंबईला शिवडीत जनरल मोटर्सने 1928 मध्ये जुळणीचा कारखाना काढला. पेटीतून सुटे भाग यायचे, ते इथे जोडून शेव्हरोले गाड्या बाहेर पडायच्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. मोठाल्या, ऐसपैस, आणि पेट्रोल पिण्यात तेवढ्याच ऐसपैस! मग 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की ज्यांना इथेच गाडी बनवायची आहे त्यांनी राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने 1954 मध्ये तो गुंडाळला, फोर्डही गेली. धोरण म्हणून ते चूक होते असे मी म्हणणार नाही, देशी उद्योग त्यातूनच उभा राहिला. पण ज्याच्या दारात शेव्हरोले उभी होती त्याचे काय? पिस्टन झिजला तर नवा कुठून आणायचा? परदेशी मालाला परवाना लागे, आणि परवाना मिळणे म्हणजे... असो, त्या काळातल्या लोकांना ते सांगायला नको.

तेव्हा मिस्त्री लोकांनी उपाय काढला. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. ती मुळात मालमोटारीसारख्या कामाच्या गाड्यांची. पण अमेरिकन गाडीचे बॉनेट एवढे लांबरुंद की तिथे ती मावत. अमेरिकन अंगात मद्रासचे डिझेल काळीज! शोभेची गाडी सुरू झाली की धडधड आवाज मालमोटारीचा. आजही जुन्या मोटारींच्या संग्रहात अशा गाड्या निघतात, आणि मालक जरा संकोचाने बॉनेट उघडतो. संकोच कशाला, ते मला कळत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. औंढ्याला आजही रेल्वे नाही. हिंगोली, वसमत, परभणी, कुठेही जायचे तर रस्ताच. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि रस्त्यांची स्थिती काय होती ते आमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. अशा मुलखाला साजेशी गाडी एकच, ती म्हणजे जीप. अमेरिकेच्या विलिस कंपनीची ही लढाईतली गाडी महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला सुरुवात केली. 1952 साली सामूहिक विकास योजना आली, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचे खेड्यात दिसणारे पहिले रूप झाले. धुरळा उडाला की पोरे म्हणत, साहेब आला.

या जीपचे मूळ इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे, सुमारे 2,200 घन सेंटिमीटरचे. लढाईत पेट्रोल सरकारचे होते. शांततेत ते आपल्या खिशातले झाले. त्यातच 1973 च्या ऑक्टोबरपासून अरब-इस्रायल युद्धाच्या निमित्ताने खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. डिझेल मात्र शेतीसाठी आणि मालवाहतुकीसाठी म्हणून सरकारने स्वस्त राखले होते. सरकारी लिलावात निघालेली जीप घेणे जमायचे, पण तिला पेट्रोल पाजणे जमायचे नाही. मग तिच्यात डिझेल इंजिन घालायचे, हे ओघानेच आले.

हे काम बोलण्याइतके सोपे नाही बरं का! डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा एवढी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटावे. विलिसच्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण साडेसहा पट दाबली जाई, छोट्या डिझेल इंजिनात ती वीस पटीच्या आसपास दाबतात. तो दाब सोसायचा म्हणजे लोखंड जाड हवे, म्हणजे वजन आले. ते वजन पुढच्या पाट्यांवर पडते; पाटे बसतात, म्हणून त्यांत एखादे पान वाढवायचे. इंजिन ज्यावर बसते ते फाउंडेशन चॅसीला नव्याने जोडायचे, आणि वेल्डिंग कच्चे राहिले तर डिझेलच्या हादऱ्याने तिथेच चीर जाते. सर्वांत नाजूक जागा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याची. दोन निराळ्या कंपन्यांचे भाग, भोके जुळत नाहीत. तेव्हा मध्ये जाड पोलादी चकती घालायची, लेथवर अशी कातायची की इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत यावेत. केसभर चुकले तर क्लच आणि बेअरिंग महिनोन्‌महिने मालकाला छळतात. शिवाय डिझेल इंजिन फार गरगरत नाही. म्हणून मागच्या आसाचे दाते बदलले नाहीत तर गाडी ओढायला बैल आणि पळायलाही बैलच. हे सगळे कागदावर न मांडता, हाताने मापून, डोळ्याने जुळवून करणारे मिस्त्री आपल्याकडे होऊन गेले. त्यांतल्या कित्येकांनी शाळा अर्ध्यात सोडली होती.

आणि कंपनीने तरी दुसरे काय केले? महिंद्रांकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने, 1963 मध्ये निघालेल्या कंपनीत, ट्रॅक्टर बनत होते. त्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. पुढे 1980 च्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याचे, 2,112 घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि जीपमध्ये बसले. अंग अमेरिकन, काळीज फ्रेंच, हात नाशिक जिल्ह्याचे! हीच जीप पुढे मराठवाड्यातल्या स्टँडांवर काळी-पिवळी होऊन उभी राहिली. आतली लढाईतली कडक बैठक जाऊन समोरासमोरची रेक्झिनची बाके आली, वर टप आला, आरशाखाली देवाची तसबीर आली. बाजाराच्या दिवशी किती माणसे तिच्यात बसत, ते लिहीत नाही. पोलिसांनाही ते ठाऊक होते. ज्या गावाला एस.टी. दिवसातून दोनदाच येई, तिथला आजारी माणूस दवाखान्यात पोहोचला तो पुष्कळदा या दुजोड गाडीतून.

मुंबईच्या टॅक्सीची कथा थोडक्यात सांगतो, ती तशी परिचित आहे. कुर्ल्याची फियाट 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1,089 घन सेंटिमीटरचे, पेट्रोलचे. 1990 च्या दशकात कंपनीनेच तिच्यात इटालियन डिझेल इंजिन घालून पाहिले. नंतर धुराचा प्रश्न न्यायालयात गेला, 2001 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सींवर स्वच्छ इंधनाची सक्ती आणली, आणि पद्मिनीच्या डिकीत सी.एन.जी.ची टाकी आली. प्रवाशाची ट्रंक तेव्हापासून टपावरच्या कॅरिअरवर. आतल्या सजावटीचे तर वेगळेच शास्त्र होते. छताला नक्षीचे कापड, सीटला रंगीबेरंगी कव्हर. 2015 मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमातून तरुण चित्रकारांनी काही टॅक्सींच्या आतल्या कापडावर आपली चित्रे उतरवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. त्यांतल्या कितींनी विचारले की तिच्या बॉनेटखाली शेवटी काय होते?

आता कायद्याकडे येतो, कारण खरी ठेच तिथे लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे की नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कंपनीने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार मालकाने करू नये. निराळ्या इंधनावर चालवण्यासाठी करायच्या बदलाला तेवढी ठरावीक अटींवर वाट ठेवली आहे. हे योग्यच आहे. कच्च्या वेल्डिंगची गाडी रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाशी खेळते. पण 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या, वारसा म्हणून जपायच्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झाला पाहिजे, तिला ‘व्ही.ए.’ अक्षरांचा खास क्रमांक मिळेल, नोंदणीची फी 20,000 रुपये. आणि अट काय? गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नको.

म्हणजे ज्या संस्थानिकाची गाडी पागेत झाकून ठेवली होती, ती वारसा. आणि जी तीस वर्षे मराठवाड्याच्या चिखलातून माणसे ओढत राहिली, ओढता यावीत म्हणून जिने काळीज बदलून घेतले, ती? ती वारसा नव्हे. त्याच वर्षी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले, तेव्हा तिची वाट कुठे जाते ते उघड आहे. हा नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. बनावट गाड्यांना आळा घालायचा तर कुठेतरी रेषा ओढावी लागते. तरी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही रेषा मान्य नाही. न बदललेली गाडी मला कारखान्याविषयी सांगते. बदललेली गाडी मात्र मला तेलाच्या भावाविषयी, परवान्यांविषयी, मिस्त्रीच्या हाताविषयी आणि बाजाराच्या दिवसाविषयी सांगते. या दुसऱ्या प्रकाराला निराळा वर्ग, निराळी अक्षरे द्यायला हवीत. तपासणी हवी तेवढी कडक करा.

तोवर एक काम आपल्या हातातले आहे. जुन्या गाडीचे आर.सी. बुक घरात असेल तर ते रद्दीत घालू नका. जुन्या पुस्तकी दाखल्यात चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेले असतात. कुठे इंजिन नंबर शाईने खोडून शेजारी नवा लिहिलेला सापडेल, खाली आर.टी.ओ.चा शिक्का आणि तारीख असेल, इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’वर रेघ मारून ‘डिझेल’ केलेले दिसेल. मालकांची नावे एकाखाली एक असतील, आधी सरकारी खाते, मग कोणी बागायतदार, मग एखादा ड्रायव्हर. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. आणि ज्या मिस्त्रीने ते इंजिन बसवले तो हयात असेल तर त्याच्याजवळ बसून विचारा की ती चकती त्याने कुठल्या लेथवर कातून घेतली, माप कसे घेतले, आणि जुन्या इंजिनाचे पुढे काय झाले. शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर मला आमच्याच भागात मिळाले आहे. जीपमधून उतरवलेले ते पेट्रोल इंजिन एका विहिरीवर पाणी ओढायला लावले होते.