वॉर्डातला फार्मासिस्ट कुठून आला

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरातली दगडमातीची माळवदे कोसळली आणि जवळपास दहा हजार माणसे गेली. अशा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसाचा धोका बाहेर काढल्यावरही संपत नाही. चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरते, मूत्रपिंडे बंद पडू लागतात. त्याला एरवी सर्रास लावली जाणारी रिंगर लॅक्टेटची बाटली पोटॅशियममुळे टाळावी लागते, आणि जेंटामायसिनसारखे नेहमीचे प्रतिजैविक उरलेसुरले मूत्रपिंडही निकामी करू शकते. मग भांडारात पर्यायी काय आहे, किती आहे, या रुग्णाला कोणत्या मात्रेत चालेल? हा प्रश्न औषध भांडार आणि खाट यांच्या मधल्या जागेतला आहे. त्या जागेसाठी माणूस घडवण्याची पद्धत म्हणजे फार्मासिस्टची रेसिडेन्सी. तिची कुळकथा पाहिली की ती किल्लारीपर्यंत का पोहोचली नाही, हेही कळते.

तिचा उगम महाविद्यालयात नाही, रुग्णालयात आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातले मुख्य फार्मासिस्ट हार्वी व्हिटनी यांनी 1927 मध्ये पदवीधरांना आपल्या विभागात ठेवून शिकवायला सुरुवात केली. पदवीधराला रसायनशास्त्र येत होते, रुग्णालय येत नव्हते; ही उणीव ज्याला रोज जाणवत होती त्यानेच उपाय काढला. 1942 मध्ये रुग्णालयीन फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. व्हिटनी तिचे पहिले अध्यक्ष. 1948 मध्ये या प्रशिक्षणाचे निकष ठरले आणि साठच्या दशकाच्या आरंभी रेसिडेन्सीला रीतसर मान्यता देण्याची व्यवस्था आली. तरी फार्मासिस्ट तोवर मुख्यतः तळघरातल्या औषधालयातच होता. 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाने नवव्या मजल्यावर, वॉर्डालगतच फार्मसी थाटली आणि तो खाटेजवळ आला. माझ्या मते कुळकथेतला खरा वळणबिंदू हाच, कारण इथून पुढे तो औषधाबरोबर रुग्णाचाही हिशेब ठेवू लागला.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. 1948 चा फार्मसी कायदा नोंदणी आणि औषधवाटप यांभोवती उभा होता. पदविकाधारकाला 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यातले निदान 250 तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यासाठी. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या लेंटिन आयोगाने खरेदी, तपासणी आणि राजकीय हस्तक्षेपावर नेमके बोट ठेवले, पण वॉर्डात फार्मासिस्ट असावा ही मागणी काही त्यातून उभी राहिली नाही. ती नव्वदच्या दशकात म्हैसूर आणि उटीच्या जे. एस. एस. महाविद्यालयांतल्या फार्मसी प्रॅक्टिसच्या अभ्यासक्रमांतून आली, आणि 2008 मध्ये सहा वर्षांच्या फार्म. डी. ला नियमांची चौकट मिळाली. शेवटचे वर्ष रुग्णालयात: सहा महिने मेडिसिन, मग तीन विभागांत दोन-दोन महिने. नियमात या वर्षाला इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी म्हटले आहे, पण अमेरिकेतली रेसिडेन्सी पदवीनंतर सुरू होते, आपली पदवीच्या आत संपते. शिवाय त्यासाठी किमान 300 खाटांचे रुग्णालय लागते. शिकण्याच्या दृष्टीने ही अट योग्यच आहे. परिणाम मात्र असा की किल्लारी ज्यात येते त्या औसा तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात हा विद्यार्थी फिरकतच नाही. तिथला औषधनिर्माण अधिकारी बहुधा पदविकेच्या त्या 500 तासांच्या भांडवलावरच सगळा कारभार पेलतो.

यावर सर्वात रास्त आक्षेप असा: आधी औषधे तर द्या, मग फार्मासिस्टचे बोला. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले तेव्हा औषधतुटवड्याचा आरोप झाला आणि प्रशासनाने तो फेटाळला. अशा वेळी साठा किती आणि वापर किती, हे वॉर्डनिहाय रोज जाणणारा माणूस असेल तर वाद नोंदींवर मिटवता येतो. आणि नुसता साठा पुरतो असेही नाही. 1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर 5,000 टन औषधे आणि साहित्य आले. काय आले आहे हे समजायला 50 माणसांना सहा महिने लागले. बरीच औषधे मुदत संपलेली, बरीच ओळखू न येणारी. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये औषधदानाचे दंडक घातले, त्यामागे असेच अनुभव होते.

दुसरा आक्षेप डॉक्टर असताना याची गरज काय, हा. पण एका वेळी दहा जखमी पाहणाऱ्या डॉक्टरने मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या प्रत्येकाच्या क्रिएटिनीनवरून औषधाची मात्राही बसवावी, ही अपेक्षा डॉक्टर आणि रुग्ण दोघांवरही अन्याय करते. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. शासकीय रुग्णालयात पदेच नसतील तर प्रशिक्षित माणूस औषध कंपनीत जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून सुरुवात पदांपासून व्हावी. लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पदवीनंतरची एक वर्षाची सवेतन रेसिडेन्सी असावी आणि तिचे काही महिने किल्लारी, उमरग्यासारख्या रुग्णालयांत जावेत. व्हिटनी यांनीही आधी स्वतःच्या विभागात जागा केली, मग शिकवायला घेतले.