दुसऱ्या पसंतीचा माणूस

आमच्या रोह्याच्या घरात चिंतामणराव देशमुखांवरून आबा आणि आजीचा कायमचा वाद होता. भांडण नव्हे. ताटावर बसल्यावर सुरू व्हायचा आणि ताक ओतेपर्यंत मिटायचा, तो पुन्हा पुढच्या महिन्यात. माणूस थोर आहे याबद्दल दोघांचंही दुमत नव्हतं. तो कशासाठी थोर म्हणायचा, यावर मात्र दोघांचं कधी जुळलं नाही.

आजीच्या लेखी ते 'आपले रोह्याचे'. जन्म महाडजवळच्या नाते गावात, १४ जानेवारी १८९६चा, पण बालपणाचा बराच काळ रोह्यात गेलेला, एवढं तिला पुरेसं होतं. १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, मग आय.सी.एस.ला पहिला नंबर, ही यादी तिला स्तोत्रासारखी पाठ होती. केंब्रिजला त्यांनी वनस्पतीशास्त्रात बक्षीस मिळवलं आणि पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, याचं तिला फार कौतुक. "झाडपाला शिकायला गेला आणि देशाची तिजोरी सांभाळायला लागला," म्हणायची. देव्हाऱ्याखालच्या खणात राजाच्या चित्राची, केव्हाच बाद झालेली दोन रुपयांची नोट तिने जपून ठेवली होती. राजाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. नोटेवर सही देशमुखांची होती.

पण खरं कारण वेगळंच होतं. तिचा धाकटा भाऊ गिरगावात कारकून. त्याने एका खाजगी विमा कंपनीत पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, आणि तो गेला त्याच्या आधीच कंपनी बुडाली होती. वहिनीच्या हाती पावत्यांचा गठ्ठा उरला. त्या काळात अशा कंपन्या बऱ्याच बुडल्या. १९ जानेवारी १९५६ला अर्थमंत्री देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, २४५ कंपन्या नि भविष्य निधी संस्थांचं मिळून पुढे महामंडळ झालं, तेव्हा आजी रडली होती म्हणे. "दोन वर्षं आधी सुचलं असतं तर!" एवढंच तिचं राजकारण.

आबांचं दुकान होतं. गूळ, डाळ, काथ्या, खिळे, रॉकेल. रॉकेलला परवाना, साखरेला कोटा आणि या दोन्हींसाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या. पावसाळ्यात धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून कचेरीच्या ओसरीत उभे असलेले आबा मला अजून दिसतात. १९५९च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, प्राध्यापक रंगा, कन्हैयालाल मुनशी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. सरकारने व्यापारात, शेतीत, माणसाच्या रोजच्या व्यवहारात नाक खुपसू नये, असं त्या पक्षाचं म्हणणं. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा राजाजींचा शब्द आबांनी पेपरात वाचला आणि त्यांना जणू स्वतःचंच आत्मचरित्र तीन शब्दांत छापलेलं सापडलं. पक्षाची निशाणी तारा. आबांनी दुकानाच्या फळीवर खडूने तारा काढला. पावसात तो पुसला जायचा, दिवाळीला पुन्हा उमटायचा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आबा सांगत नसत. कूळकायद्याने आमची भाताची दोन खाचरं गेली होती. १ एप्रिल १९५७ला आमचं कूळ मालक झालं. त्या घरातली म्हातारी मला पुढे म्हणाली होती, "तुझ्या आज्याला सरकार जड झालं गो, आम्हाला त्याच सरकारने पाय ठेवायला जमीन दिली." स्वतंत्र पक्षात संस्थानिक होते, जमीनदार होते, गिरणीमालक होते, आणि आमच्या आबांसारखे दुकानदारही. हातात काहीतरी असलेल्यांचाच तो पक्ष होता, असं मला आज वाटतं. तरीही कचेरीच्या पायरीवर मी पाहिलेला अपमान खरा होता.

१९६७च्या निवडणुकीत लोकसभेत त्यांचे ४४ जण आले आणि विरोधकांत तो सगळ्यात मोठा पक्ष ठरला. महाराष्ट्रात मात्र तो रुजला नाही. रोह्यात तर पक्ष म्हणजे आबा आणि त्यांचा खडू.

मग १९६९ उजाडलं. ३ मेला राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. काँग्रेसच्या जुन्या मंडळींनी नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं, इंदिराबाईंना ते नको होतं. जुलैत घटना अशा धडाधड घडल्या, की आबा पेपर दोनदा वाचायचे. १६ तारखेला मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं. १९ तारखेला १४ बँका सरकारी. त्या वटहुकुमावर सही केली हंगामी राष्ट्रपती गिरींनी आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन स्वतःच राष्ट्रपतीपदाला उभे राहिले. त्याच सुमाराला माणूस चंद्रावर उतरला. आमच्या आळीत सगळी पोरं चंद्राबद्दल बोलत होती आणि आबा बँकांबद्दल. "विमा गेला तो एकोणीस तारखेला, बँका गेल्या त्याही एकोणीसलाच. ही तारीखच वाईट," असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

आणि मग बातमी आली, की स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ या दोघांनी मिळून उमेदवार दिलाय: चिंतामणराव देशमुख. वय ७३.

त्या दिवशी घरात काय झालं ते मला नीट आठवतं, कारण मी अकरा वर्षांची होते आणि मोठी माणसं गोंधळलेली बघायला मला आवडायचं. आजीचा चेहरा फुलला. आबा मात्र पेपर मांडीवर ठेवून गप्प. ज्याने आयुर्विमा स्वतःच्या तोंडाने रेडिओवर सरकारी करून टाकला, ज्याच्या कारकिर्दीत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तो माणूस सरकारने धंद्यात पडू नये म्हणणाऱ्या पक्षाचा उमेदवार!

"आता तारा पुसायचा का?" आजीने विचारलं. मिश्कीलपणे नव्हे, खरंच.

आबांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी त्यांचे देशमुख शोधून काढले. ते १९५६चे होते. मुंबई केंद्रशासित करायचा घाट, रस्त्यावर गोळीबार, संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे, आणि त्या जुलैत अर्थमंत्र्याने राजीनामा दिला. लोकसभेत उभं राहून पंतप्रधानांच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस आहे असं सांगितलं. आमच्याच कुलाबा मतदारसंघातून १९५२ला ते निवडून गेले होते. आबांनी तेव्हा त्यांना मत दिलं होतं, काँग्रेसला दिलेलं शेवटचं. मग १९५९ साली याच माणसाने मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला निष्पक्ष न्यायमंडळ नेमा अशी जाहीर मागणी केली, ती नेहरूंनी मानली नाही. "विमा सरकारी केला ती चूक," आबा म्हणाले, "पण पटलं नाही तेव्हा खुर्ची सोडली. अशा माणसापुढे परवाना मागायला उभं राहायला मला लाज नाही वाटणार."

मला आज वाटतं, पक्षानेही असाच काहीसा विचार केला असावा. आपल्या मताचा माणूस त्यांना नकोच होता. ज्याच्यावर बोट ठेवता येणार नाही असा हवा होता. देशमुख कुठल्याच पक्षाचे सभासद होऊन उभे नव्हते. निवडून येणार नाही, हे रिझर्व्ह बँक चालवलेल्या माणसाला हिशेब करून कळलं नसेल असं कोण म्हणेल?

आबांनी आमदाराला पोस्टकार्ड टाकलं. इंदिराबाई सांगत होत्या, सदसद्विवेकाने मत द्या. आबांनी लिहिलं, माझा विवेक चिंतामणरावांकडे आहे, आपला कुठे आहे? उत्तर आलं नाही.

१६ ऑगस्टला मतदान, २० तारखेला मोजणी. श्रावण नुकताच लागला होता, कुंडलिका दुथडी भरून वाहत होती. रात्री रेडिओवर निकाल ऐकला, पण आकडे कळले ते दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पेपर आल्यावर. मला काही समजेना. पहिल्या फेरीत कोणीच जिंकला नाही म्हणजे काय? आबांनी गल्ल्याशेजारच्या पोत्यातून मूठभर वाल काढले आणि तीन वाट्या मांडल्या. एक वाल म्हणजे दहा हजार.

गिरींच्या वाटीत चाळीस. ४,०१,५१५. रेड्डींच्या वाटीत एकतीस. ३,१३,५४८. देशमुखांच्या वाटीत अकरा. १,१२,७६९. जिंकायला हवेत ४,१८,१६९, म्हणजे बेचाळीसच्या जवळपास. एकूण पंधरा उमेदवार, पण बाकीच्या बाराजणांचे मिळून एक वालही भरत नव्हता. त्यात पांडुरंग नाथूजी राजभोज हे आणखी एक मराठी नाव होतं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जुने पुढारी, ८३१ मतमूल्याचे. त्यांना वाटी नव्हती. एक उमेदवार ५७६वर थांबला होता. एका खासदाराच्या मताची किंमत तेव्हा नेमकी तेवढीच. "कुणीतरी एकजण होता त्याच्या बाजूने," आजी म्हणाली.

"आता देशमुख बाद," असं म्हणून आबांनी तिसरी वाटी उचलली. ज्यांनी त्यांना पहिली पसंती दिली, त्यांची दुसरी पसंती बघायची. आबा एकेक वाल टाकू लागले. नऊ रेड्डींकडे. दोन गिरींकडे. गिरी बेचाळीस, रेड्डी चाळीस. पेपरात ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७.

आबा बराच वेळ वाट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी गिरींच्या वाटीतले ते दोन वाल पुन्हा काढून रेड्डींच्या वाटीत टाकून बघितले. एकतीस आणि अकरा, बेचाळीस.

"सगळे एका वाटीत पडले असते तर?" मी विचारलं.

"पडले नाहीत ना," आजी म्हणाली आणि वाल पोत्यात परत टाकायला लागली. दुसऱ्या दिवशी बिरड्याला हवे होते.

मी पुढे कागदावर हा हिशेब पुन्हा केला आहे. किरकोळ उमेदवारांची सगळी मतं गिरींना गेली असं धरलं, तरी देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांपैकी किमान दहा हजार मतमूल्य गिरींच्या पदरात पडलं. तेवढं रेड्डींकडे वळलं असतं तर राष्ट्रपती बदलला असता. बँकांच्या वटहुकुमावर सही करणाऱ्याला निवडून आणायला बाजारस्वातंत्र्याच्या उमेदवाराचेही मतदार थोडेफार लागले! कोण होते ते, का तसं लिहिलं त्यांनी, हे गुप्त मतदानात बुडालं. आबांना मात्र शेवटपर्यंत खात्री होती, की ते आमदाराला लिहिलेल्या पोस्टकार्डामुळे नव्हतं.

नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. १९७१ला स्वतंत्र पक्ष ४४वरून ८वर आला, ७४मध्ये लोकदलात विसर्जित झाला. आबांच्या फळीवरचा तारा त्या दिवाळीला उमटला नाही. देशमुख दिल्लीतून हैदराबादला गेले, आत्मचरित्र लिहिलं, २ ऑक्टोबर १९८२ला तिथेच वारले. आजीने त्या दिवशी नोट खणातून काढून देवापुढे ठेवली आणि संध्याकाळी परत आत.

आबांच्या चोपड्या माझ्याकडे आहेत. शके १८९१ची रोजकीर्द, लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. २१ ऑगस्टच्या पानावर मोडीवळणाच्या अक्षरात तीन आकडे, एकाखाली एक, आणि बेरीज. देशमुखांच्या आकड्यापुढे खूण नाही, शेरा नाही. त्याच्या लगेच खाली पुढची ओळ आहे: रॉकेल परवाना मुदत संपली, उद्या मामलेदार.