तुकडोजी महाराजांचा एकांत

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आपल्या गोव्यात फारशी कानांवर येत नाहीत. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातली ही गावे. राज्य मध्य प्रदेश, पण घरातली बोली मराठी आणि ओढ शेजारच्या विदर्भाची. त्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८).

खंजिरीवर हजारोंची सभा जागवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या एकांताचे काय केले असेल? तरुणपणी ते रामदिघी, गोंदोडा, सालबर्डी इथल्या रानांत साधनेसाठी राहिले. पुढे १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभा राहिला, १९४२ मध्ये तुरुंगवास घडला, १९५५ मध्ये ग्रामगीता आली. लोकांच्या गराड्यात रानातला एकांत हरवला म्हणावा, तर मला तसे वाटत नाही. त्यांनी तो गावाच्या दिनक्रमातच आणून बसवला. पहाटे सामुदायिक ध्यान, मग ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. डोळे मिटून बसायचे ते सगळ्यांसोबत, आणि उठल्यावर हाती झाडू घ्यायचा.

आपल्याकडे भजनी सप्ताहाला देवळे फुलतात. सप्ताह सरल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे काय, एवढे मात्र आपण त्यांच्याकडून शिकायला हवे.