हार्लेमची कलाकेंद्रे आणि हातकामाचा प्रश्न

कोल्हापुरी वहाणेवर ती शिवणाऱ्या चर्मकाराचे नाव नसते. सुपावर बुरुडाचे नसते, दोरावर आणि केरसुणीवर मातंगाचे नसते. देवळाच्या पायरीवर मात्र तिच्यासाठी पैसे देणाऱ्याचे नाव कोरलेले असते, आणि ते कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव तेथेही नसते. आपल्या कलासमीक्षेने 'कलावंत' आणि 'कारागीर' असे जे दोन वर्ग पाडले, त्यांच्या मुळाशी हीच व्यवस्था आहे. ज्याचे काम जन्माने ठरले तो कारागीर आणि ज्याला ते निवडता आले तो कलावंत. सौंदर्याची चर्चा ही वाटणी उरकल्यानंतर सुरू होते.

म्हणूनच वस्तीत प्रौढांसाठी हस्तकलेचे वर्ग काढावेत अशी सूचना आली, की जाणत्या कार्यकर्त्याच्या मनात शंका उभी राहते. मेलेली ढोरे ओढू नका, गावकीची कामे टाकून द्या, शिका आणि शहराकडे चला, असे बाबासाहेबांनी सांगितले. लोकांनी ते ऐकले आणि त्यापायी बहिष्कारही सोसले. त्याच हातांना आता पुन्हा कातडे, बांबू आणि माती धरायला सांगायचे काय? ही शंका रास्त आहे आणि कलेच्या नावाने दोन गोड शब्द बोलून ती मिटणारी नाही. या प्रश्नाशी ज्यांनी प्रत्यक्ष झुंज घेतली अशा एका समाजाचा अनुभव येथे तपासायचा आहे.

हा समाज अमेरिकेतील काळ्यांचा. त्यांच्याशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तिने तर नावच तिकडून घेतले. आपल्या नियतकालिकांतून काळ्यांच्या कवितेवर आणि कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या मातीकामाकडे, शिवणकामाकडे आणि ठशांकडे त्या मानाने आपले लक्ष गेले नाही. छापील शब्दाला आपणही जरा जास्तच मान देतो की काय, अशी शंका येते.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील मळ्यांवरची लोहारकी, सुतारकी, कुंभारकाम, विणकाम आणि शिवणकाम मोठ्या प्रमाणावर गुलामांच्या हातचे होते. साउथ कॅरोलायनात एजफील्ड भागात डेव्ह नावाचा एक गुलाम कुंभार होता. तो मोठाले रांजण घडवी आणि ओल्या मातीवर आपले नाव, तारीख, कधी दोन ओळींचे पद्यही कोरी. त्याच राज्याने १८३४ साली गुलामांना लिहावाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. रांजणावर नाव कोरणे हे म्हणूनच साधे काम नव्हते. पण ते रांजण विकले जात ते मालकाचे म्हणून, आणि कुंभारही मालकाच्याच मालमत्तेत मोडे. जॉर्जियातील हॅरिएट पॉवर्स ही गुलामगिरीत जन्मलेली बाई. तिने बायबलमधल्या कथांची चित्रे कापडाच्या तुकड्यांनी जोडून एक गोधडी शिवली. तिने दहा डॉलर मागितले होते. १८९१ साली हलाखीपायी ती गोधडी पाच डॉलरला द्यावी लागली. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गोधडी आपल्या प्रत्येक घरात असते, म्हणून हा व्यवहार मुद्दाम सांगितला.

गुलामगिरी कायद्याने संपली तरी दक्षिणेत जगणे अशक्य होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लाखो काळे लोक गाव सोडून न्यूयॉर्क, शिकागो अशा उत्तरेकडच्या शहरांत आले. या स्थलांतरितांत ऑगस्टा सॅव्हेज होत्या. फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. गावात विटांची माती मुबलक होती आणि ही पोर तिची बदके करीत बसे. बाप धर्मोपदेशक; मूर्ती घडवणे हे त्याच्या लेखी पाप, म्हणून तो तिला मारी. १९२१ साली त्या न्यूयॉर्कला आल्या आणि कूपर युनियनमध्ये, जेथे फी नव्हती, शिल्पकला शिकल्या. पोटासाठी धुलाईखान्यात काम केले. १९२३ साली फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलाशाळेसाठी त्यांची निवड होऊनही अमेरिकन समितीने ती रद्द केली. सोबतच्या गोऱ्या मुलींना काळी मुलगी शेजारी चालणार नाही, हे कारण. सॅव्हेज गप्प बसल्या नाहीत. हे प्रकरण त्यांनी वर्तमानपत्रांत नेले. त्याच सुमारास हार्लेमच्या ग्रंथालयासाठी त्यांनी ड्यू बॉइस यांचा अर्धपुतळा घडवला. पुढे शिष्यवृत्ती मिळून त्या पॅरिसला गेल्या आणि परतल्यावर १९३२ साली हार्लेममध्ये १४३व्या रस्त्यावर त्यांनी 'सॅव्हेज स्टुडिओ ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स' काढला.

नावातला तो दुसरा शब्द, क्राफ्ट्स, म्हणजे हस्तव्यवसाय, त्यांनी गाळला नाही हे पाहण्यासारखे आहे. पॅरिसहून परतलेल्या शिल्पकाराने तो गाळला असता तर कोणी विचारलेही नसते. या स्टुडिओत येईल त्याला शिकवले जाई. पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले केनेथ क्लार्क तरुणपणी येथे मातीकाम शिकत होते. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या 'ब्राउन' खटल्यात त्यांचे संशोधन न्यायालयापुढे आले, आणि ते संशोधनही बाहुल्यांच्या साहाय्याने केलेले होते.

हा काळ महामंदीचा. सरकारने बेकारांसाठी कामे काढली. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे निघाली तशी. आपल्याकडे खडी फोडण्यावर भागले. तिकडे रूझवेल्ट सरकारने १९३५ साली कलावंतांसाठीही एक शाखा उघडली, 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट', आणि देशभर शंभराहून अधिक कलाकेंद्रे चालवली. काळ्यांना त्यात वाटा आपोआप मिळाला असे मात्र कोणी समजू नये. सॅव्हेज आणि त्यांच्या साथीदारांनी १९३५ साली 'हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड' स्थापून नेमणुकांसाठी भांडण मांडले. १९३६ साली हार्लेमच्या रुग्णालयातील भित्तिचित्रांत काळी माणसे फार झाली, अशी तक्रार तिथल्या अधीक्षकाने केली. वस्ती काळ्यांची, रोगी काळे, आणि चित्रात काळे नकोत! संघटनेने निषेध केला आणि चित्रे झाली.

या दबावातून डिसेंबर १९३७ मध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर 'हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर' उघडले. सॅव्हेज संचालक झाल्या. चित्रकला, शिल्प, मातीकाम, विणकाम, छायाचित्रण, शिळाप्रेसवरची छपाई असे वर्ग दिवसा आणि रात्री चालत. दीड हजारांहून अधिक मुले आणि मोठी माणसे तेथे विनाशुल्क शिकली. रॉबर्ट ब्लॅकबर्न नावाचा मुलगा या केंद्रात लिथोचा दगड घासायला शिकला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा मुद्रणस्टुडिओ सर्वांसाठी खुला केला. लिथोचा दगड जड असतो, यंत्र महाग असते. एकट्या गरिबाला ते परवडत नाही. सामाईक जागेचे महत्त्व अशा हत्यारांच्या बाबतीत नेमके कळते.

याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्याकडे वर्ध्याला गांधीजींची शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची 'नई तालीम' पुढे आली. वर्धा आणि हार्लेम यांच्यात दोन महिन्यांचे अंतर आहे. भूमिकांतले अंतर मोजणे अवघड आहे. नई तालीमने जातवार धंदे वाटून दिले नाहीत हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्येकाने वडिलोपार्जित व्यवसायावर उपजीविका करावी, हाच वर्णाचा नियम, असे गांधीजींनी आधीच्याच वर्षी 'जातिभेद निर्मूलना'ला उत्तर देताना लिहिले होते. त्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हा वाद डोळ्यांआड करून चरख्याकडे पाहता येत नाही. हार्लेमच्या केंद्रात मोलकरणीच्या हाती छिन्नी येई आणि हमाल मागावर बसू शकत असे. बापाचा धंदा काय, हे तेथे विचारले जात नव्हते.

पण केंद्राचा पैसा सरकारचा होता. फेडरल कलायोजना कम्युनिस्टांचा अड्डा आहे असा ओरडा १९३८ पासून काँग्रेसच्या डाइस समितीने चालवला. १९३९ च्या कायद्याने मदतकार्यावरील प्रत्येकाला निष्ठेची शपथ सक्तीची झाली आणि सलग अठरा महिने काम केलेल्यांना कामावरून काढण्याचे ठरले. सॅव्हेज यांनी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी 'हार्प' हे सोळा फुटी शिल्प करायला रजा घेतली होती. परतल्यावर संचालकपद त्यांचे राहिले नव्हते. ते शिल्प प्लास्टरचे होते. ब्राँझमध्ये ओतायला पैसा नव्हता, म्हणून प्रदर्शन संपल्यावर ते यंत्राखाली पाडण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या कवयित्री ग्वेंडोलिन बेनेट यांनाही १९४१ मध्ये डाव्या विचारांच्या संशयावरून दूर केले गेले. १९४३ साली सारी योजनाच गुंडाळण्यात आली आणि त्या ओघात हार्लेमचे केंद्रही गेले.

बेनेट यांनी हार मानली नाही. १९४३ मध्येच हार्लेममध्ये कष्टकऱ्यांसाठी 'जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर स्कूल' ही रात्रशाळा सुरू झाली आणि त्या तिच्या संचालक झाल्या. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही शाळा मला सर्वांत मोलाची वाटते. एलिझाबेथ कॅटलेट येथे शिल्पकला शिकवीत आणि पोशाख शिवायलाही शिकवीत. कॅटलेट या गुलामांच्या नातवंडांपैकी. एका नामांकित संस्थेने काळ्या म्हणून त्यांचा प्रवेश नाकारला होता. तरी त्यांनी १९४० मध्ये आयोवा विद्यापीठातून शिल्पकलेची उच्च पदवी मिळवली. वर्गात येणाऱ्या बाया मोलकरणी, धुलाईखान्यातल्या कामगार. याआधी थोडीच वर्षे, मंदीच्या काळात, ब्राँक्समध्ये काळ्या बाया सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत आणि गोऱ्या घरवाल्या तासावर मोल ठरवून त्यांना घेऊन जात. मजूर नाक्यासारखाच तो प्रकार. मालकिणीचे कपडे धुणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या या बाया रात्री स्वतःच्या मापाचा पोशाख बेतायला शिकत होत्या. सुई आणि दोरा तोच होता. कापड त्यांचे होते, माप त्यांच्या अंगाचे होते, आणि वर्गाला यायचे की नाही हेही त्याच ठरवीत. वस्तीत काढायच्या वर्गासाठी याहून वेगळी कसोटी मला दिसत नाही.

या शाळेत एका संध्याकाळी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी ऐकवली गेली. दिवसभर राबून आलेली माणसे कंटाळून उठून जातील असे कॅटलेट यांना वाटले होते. कोणी उठले नाही. शिकवायला आलेली मीच येथे शिकले, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे दिली. १९४६ साली त्या मेक्सिकोला गेल्या आणि तेथील लोकमुद्रणशाळेत त्यांनी काळ्या स्त्रीवरची पंधरा लिनोकटांची मालिका पुरी केली. तीत झाडू घेतलेली मोलकरीण आहे, शेतात राबणारी बाई आहे, हॅरिएट टबमनही आहे. चित्रांच्या नावांत बोलणारी बाई 'मी' म्हणून बोलते. आपल्याकडे हा 'मी' 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८ पासून, गाजू लागला. लिनोलियम हा स्वयंपाकघराच्या जमिनीवर अंथरायचा स्वस्त थर. मोलकरणी तो गुडघ्यांवर बसून घासत. त्यावरच चाकूने कोरून, शाई लावून, कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येतात. कार्व्हर शाळा मात्र कम्युनिस्टपणाच्याच आरोपाखाली १९४७ मध्ये बंद पडली.

आता थोडे मागे, शिकागोला जाऊ. तेथील दक्षिण भागातील काळ्यांनाही फेडरल योजनेतून केंद्र हवे होते. सरकार दुरुस्ती आणि पगार देणार, जागा लोकांनी आणायची, अशी अट. मग 'मैलभर डाइम' गोळा करण्याची मोहीम निघाली. डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे. विशीतल्या मार्गारेट बरोज डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. नृत्याचे जलसे करूनही पैसा जमवला. त्यातून मिशिगन अव्हेन्यूवरचे, १८९० च्या दशकात एका धान्यव्यापाऱ्यासाठी बांधलेले घर घेतले गेले. डिसेंबर १९४० मध्ये 'साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर' तेथे सुरू झाले. गॉर्डन पार्क्स यांची छायाचित्रांची अंधारखोली याच घराच्या तळघरात होती. ग्वेंडोलिन ब्रुक्स येथील कवितावर्गात बसत. १९५० साली पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या लेखिका ठरल्या.

१९४३ साली सरकारी पगार बंद झाले तेव्हा हार्लेमसारखी वेळ येथेही आली. पण घराचा दस्तऐवज समाजाच्या हाती होता. शिकवणी कमी झाली, छत गळू लागले, तरी कुलूप लागले नाही. पन्नाशीच्या दशकात मॅकार्थीचे वारे आत शिरले आणि डाव्या कलावंतांना कारभारातून बाजूला सारण्यात आले. डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बरोजही त्यांत होत्या. घर समाजाचे असले म्हणजे समाजाची भीतीही त्या घरात नांदते. बरोज मेक्सिकोत कॅटलेट यांच्याकडे जाऊन ठसे करायला शिकून आल्या आणि १९६१ साली त्याच रस्त्यावर, समोरच्या आपल्या राहत्या घरात त्यांनी काळ्यांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले.

शिकागो शहराने १९९४ साली त्या जुन्या केंद्राला वारसावास्तूचा दर्जा दिला आणि २०१८ साली राष्ट्रीय नोंदवहीतही ती दाखल झाली. तळमजल्यावरच्या दालनाच्या भिंतींना लाकडी फळ्या आहेत. १९४० पासून लावल्या गेलेल्या चित्रांच्या खिळ्यांची भोके त्या फळ्यांवर तशीच ठेवलेली आहेत.