मरळ
चॅनिडी कुलातील, हवेतूनही श्वसन करणारा गोड्या पाण्यातील मांसाहारी मासा (पहा : मत्स्य वर्ग). या माशाच्या ‘चॅना मरूलियस’ या जातीचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले. शरीर लांबट व पुढे जवळजवळ दंडगोलाकार असून चपट्या डोक्यावरील मोठ्या खवल्यांमुळे ते सापासारखे दिसते. पृष्ठपर व गुदपर लांब असून त्यांचे अर (पराला आधार देणाऱ्या काड्या) मऊ असतात. गोलसर शेपटीच्या बुडाशी बहुधा नारिंगी कडेचा काळा ठिपका असतो. या माशाचे सर्वांत लक्षणीय अंग म्हणजे कल्ल्यांच्या वरचा अधिक्लोम कक्ष होय : त्याच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने पृष्ठभागी येऊन गिळलेल्या हवेतील ऑक्सिजन तेथे शोषला जातो (पहा : श्वसन), त्यामुळे ओलावा टिकल्यास मासा पाण्याबाहेरही काही काळ जगतो आणि बाजारात जिवंत विकता येतो.