क्लोन शंभर टक्के झाला, तरी नव्या एसएसडीवरून विंडोज चालू का होत नाही?

लॅपटॉप चालू व्हायला पाच-सात मिनिटं घ्यायला लागला की चहूकडून एकच सल्ला येतो : एसएसडी टाक. सल्ला चुकीचा नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर रखडणारा संगणक एसएसडीवर ओळखू येणार नाही इतका बदलतो. पण नव्याने विंडोज टाकायचं म्हणजे टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, जुने मराठी फॉन्ट असं सगळं पुन्हा बसवणं आलं. ते टाळायला बरेच जण डिस्क क्लोन करतात. दोन तास वाट पाहिली, पडद्यावर ‘१०० टक्के पूर्ण’ आलं, नवी डिस्क बसवली, स्क्रू लावले, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

इथपर्यंत काहीच गेलेलं नसतं. खरं नुकसान होतं ते ‘क्लोन तर झालाच आहे’ म्हणून कुणी जुनी डिस्क आधीच फॉरमॅट मारली असेल तर. नव्या डिस्कने, जुनी डिस्क बाहेर काढलेली असताना, विंडोज उघडून दाखवेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. एवढं पाळलं तर पुढे दिलेल्या जवळपास सगळ्या अडचणी फक्त वेळ खातात, डेटा खात नाहीत.

क्लोन वेगळा, इमेज वेगळी, बॅकअप वेगळा

क्लोन म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर केलेली नक्कल. ती उचलून लावली की संगणक चालायला हवा. इमेज म्हणजे डिस्कवरचा सगळा ऐवज एका भल्यामोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवणं. ती फाइल थेट चालू होत नाही, पुन्हा डिस्कवर उलगडावी लागते. मूळ विंडोजच बंद पडलं असेल तर हे उलगडण्यासाठी बाहेरून चालू होणारा पेनड्राइव्ह लागतो. बॅकअप म्हणजे वेगवेगळ्या तारखांना घेतलेल्या प्रती, म्हणजे मंगळवारी बिघडलेली फाइल सोमवारच्या प्रतीतून परत मिळते.

क्लोनला तारखा नसतात. मूळ डिस्कवर रॅन्समवेअर शिरलं असेल तर तेही क्लोनमध्ये जातं. दर आठवड्याला त्याच डिस्कवर नवा क्लोन घेणारे लोक चुकून डिलीट केलेली फाइल आठवड्याभरात दोन्हीकडून घालवून बसतात. म्हणून डिस्क बदलायची असेल तर क्लोन, आणि रोजच्या सुरक्षेसाठी बॅकअप.

विंडोजची स्वतःची सोय इथे थोडी फसवी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज ७ च्या काळातलं ‘बॅकअप अँड रिस्टोर’ अजून दिसतं, पण त्यातली पूर्ण सिस्टिम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच कालबाह्य ठरवली आणि इतर कंपन्यांची साधनं वापरा असं सांगितलं. नवं ‘विंडोज बॅकअप’ अॅप सेटिंग्ज आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर नेतं. तिथे फुकट जागा ५ जीबी. त्यात संपूर्ण सिस्टिम येत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना व्हिडिओची तारीख आधी पाहावी. मॅक्रिअम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती बंद झाली आहे आणि १ जानेवारी २०२४ नंतर तिला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, तरी जुने व्हिडिओ तीच सुचवतात. सॅमसंग, क्रुशल, डब्ल्यूडी या कंपन्या आपल्या एसएसडीच्या ग्राहकांना क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात, फक्त त्यांचीच डिस्क जोडलेली असावी लागते. तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला पूर्ण मोफत आणि मुक्त आहे, पण दिसायला रूक्ष. चुकून उलटी दिशा निवडली तर ते रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतायलाही मागेपुढे पाहत नाही. डिस्कचं मॉडेल आणि आकार कागदावर लिहून मगच बसावं.

चालू न होण्याची खरी कारणं

सगळ्यात जास्त दिसणारं कारण साधं आहे : फक्त सी ड्राइव्ह क्लोन केलेला असतो. साधारण गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक संगणकांत विंडोज सुरू करून देणारी फाइल सी ड्राइव्हमध्ये नसतेच. ती बहुधा १०० एमबीच्या एका लपलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये असते. माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसत नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतं. म्हणून क्लोन करताना पार्टिशन नाही, अख्खी डिस्क निवडायची. आता झालंच असेल तर सोपा मार्ग म्हणजे पुन्हा पूर्ण क्लोन. ज्यांना कमांडची सवय आहे ते विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून डिस्कपार्टने ईएफआय पार्टिशन बनवतात, त्याला एक अक्षर देतात आणि बीसीडीबूट या कमांडने बूट फाइली नव्याने लिहून घेतात.

दुसरं कारण जुन्या आणि नव्या पद्धतीचा मेळ न बसणं. जुने संगणक बायोसच्या लिगसी पद्धतीने आणि एमबीआर मांडणीच्या डिस्कवरून चालू होतात, नवे यूईएफआय आणि जीपीटीवरून. क्लोन जुनी मांडणी जशीच्या तशी नेतो. ती डिस्क फक्त यूईएफआय समजणाऱ्या लॅपटॉपमध्ये लावली तर त्याला तिथे बूट करण्याजोगं काही दिसतच नाही. क्लोन करण्याआधी स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून ‘बायोस मोड’ ही ओळ वाचावी. तिथे लिगसी असेल आणि संगणक यूईएफआय चालवू शकत असेल, तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून असलेलं ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन डेटा न पुसता मांडणी बदलतं. त्यानंतर बायोसमध्येही यूईएफआय निवडावं लागतं. लोक नेमकं तेच विसरतात.

तिसरं कारण निळ्या पडद्यावर दिसतं : ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. इथे विंडोज सुरू झालेलं असतं, पण नव्या डिस्कपर्यंत पोचायचा ड्रायव्हर त्याला वेळेवर मिळत नाही. साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर गेल्यावर किंवा बायोसमध्ये रेड, इंटेल व्हीएमडी आणि एएचसीआय यांत कुणी बदल केल्यावर हे होतं. आधी बायोसमधली सेटिंग होती तशी करून पाहावी. बदल करायचाच असेल तर जुन्या डिस्कवरून चालू असताना ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ मोड निवडायचा, मग बायोस बदलायचा. सेफ मोडमध्ये विंडोज हवा तो ड्रायव्हर उचलतं आणि पुढच्या वेळी नीट सुरू होतं. सेफ मोड पुन्हा काढायला विसरू नये.

आणि चौथं, जे बरेचदा उशिरा उघडकीस येतं : दोन्ही डिस्क जोडून ठेवणं. क्लोनवर मूळ डिस्कचाच ओळख क्रमांक उतरलेला असतो. विंडोजला दोन डिस्क एकाच नावाने उभ्या दिसतात आणि ते एकीला ‘ऑफलाइन’ करतं. कधी संगणक जुन्याच डिस्कवरून चालत राहतो आणि मालक खुश असतो की एसएसडी बसली. महिन्याभराने जुनी काढली की सगळं बंद. म्हणून पहिल्यांदा चालू करताना जुनी बाहेरच हवी.

लॅपटॉपला नवी डिस्क दिसतच नसेल तर दोष क्लोनचा नाही. एम.टू आकाराच्या साटा आणि एनव्हीएमई डिस्क दिसायला सारख्या असतात. दोन खाचांची बहुधा साटा, एका खाचेची बहुधा एनव्हीएमई. खाच बसली म्हणजे चालेल असं नाही, लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्यावी.

क्लोन मध्येच थांबतो तेव्हा

५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर डेटा १२० जीबीच आहे, आणि ४८० जीबीच्या एसएसडीवर क्लोनझिला जायला तयार नाही, अशी तक्रार नेहमीची. विंडोजच्या मोजमापात पहिली सुमारे ४६५ जीबी, दुसरी ४४७. क्लोनझिलाला नवी डिस्क निदान जुनीइतकी मोठी लागते. आधी डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह पंचवीस-तीस जीबीने लहान करावा, किंवा जागा आपोआप जुळवून घेणारं सॉफ्टवेअर वापरावं. उलटी तक्रारही येते : १ टीबीची एसएसडी घेतली, पण सी ड्राइव्ह ५०० चाच. मोकळी जागा दिसते, पण ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ दाबता येत नाही. कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं पडलेलं असतं. ते शेवटी सरकवून देणारं पार्टिशनचं सॉफ्टवेअर वापरावं. चिडून ते पार्टिशन डिलीट केलं तर संगणक चालतो, पण विंडोजची दुरुस्तीची सोय जाते.

क्लोन ‘रीड एरर’ देऊन थांबला तर मात्र गोष्ट गंभीर. डिस्क मरायला टेकलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून पाहावं. पिवळा ‘कॉशन’ असेल, आणि ०५, सी५, सी६ या ओळींत शून्याहून जास्त आकडे असतील, तर पृष्ठभागाचे तुकडे निकामी होत आहेत. इथे बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो चेकडिस्क पूर्ण तपासणीसह चालवण्याचा. अशा डिस्कवर तो सल्ला उलटा पडतो. अख्खी डिस्क तासन्‌तास खरवडल्याने उरलेला जीवही जातो. आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा असं जे परत मिळणार नाही ते कॉपी करावं. पूर्ण नक्कल हवीच असेल तर लिनक्सवर चालणारं डीडीरेस्क्यू खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग उचलतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तीही खटपट नको. वीज काढून ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.

४८ आकड्यांची चावी

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती तशी किरकोळ होती : सेफ मोडमध्ये जा, एक फाइल डिलीट करा. पण बिटलॉकरने कुलूपबंद असलेल्या संगणकांनी आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली, आणि ती जवळ नसलेल्यांचं काम तिथेच अडलं.

हे फक्त कंपन्यांपुरतं नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की बहुतेक संगणकांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, घरगुती आवृत्तीतही. मालकाला पत्ता नसतो. डिस्क बदलली, बायोसमध्ये हात घातला, की निळा पडदा चावी मागतो. क्लोन करण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधावं. चालू असेल तर चावी मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या आपल्या संगणकाच्या नोंदीत मिळते. ती कागदावर उतरवून घरात ठेवावी. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली चावी म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात. काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करून ठेवलं तर क्लोनिंगच्या निम्म्या कटकटी संपतात. नव्या डिस्कवर ते पुन्हा सुरू करायचं.

पेनड्राइव्ह, आणि तो आजच का

ज्या संगणकाची दुरुस्ती करायची त्याच्यातच दुरुस्तीची सोय आहे, यावर विसंबून राहणं किती महाग पडतं ते गेल्या दोन-तीन वर्षांत दोनदा दिसलं. जानेवारी २०२४ मध्ये केबी ५०३४४४१ हे अपडेट असंख्य विंडोज १० संगणकांवर बसेना, कारण रिकव्हरी पार्टिशन लहान पडत होतं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं, ते २५० एमबीने वाढवा, तेही हाताने. मग १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माऊसच चालेनात. पर्याय समोर दिसत होते, निवडता येत नव्हते. सहा दिवसांनी तातडीचं अपडेट आलं. त्याच १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित पाठिंबाही संपला.

म्हणून वेगळा पेनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलला किमान ८ जीबीचा लागतो, आणि तो पूर्ण पुसला जातो. त्यातून विंडोज टाकता येतं, तसंच ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून दुरुस्तीही करता येते. ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ हे विंडोजमधलंच दुसरं साधन, त्यात सिस्टिम फाइली घ्यायच्या तर ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतलेला बरा. यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं येत नाहीत, हे बजावून सांगावं लागतं. इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा रेस्क्यू पेनड्राइव्ह याहून वेगळा. तो नसेल तर ती इमेज ऐन वेळी उलगडणार कशी?

पेनड्राइव्ह चालू होत नसेल तर आधी बूट मेनू. डेल, लेनोवो आणि एसरवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. मेनूत तो दिसत नसेल तर फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट केल्या नाहीत ना, ते पाहावं. यूईएफआयला सहसा फॅट ३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल बरेचदा त्याहून मोठी असते. रुफस हे छोटं मोफत सॉफ्टवेअर त्यावर तोड काढतं. रुफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ विचारलं की संगणकाच्या बायोस मोडप्रमाणे जीपीटी किंवा एमबीआर निवडायचं. इथेही तीच जुन्या-नव्याची गाठ.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावर एकदा त्यावरून संगणक चालू करून पाहावा. रेस्क्यू पेनड्राइव्ह असेल तर बाहेरची डिस्क जोडून इमेजची फाइल त्यात दिसते का, एवढं बघून बाहेर पडावं. इमेजमधून एखादा फोटो बाहेर काढून उघडला तर आणखी चांगलं.

नवी एसएसडी महिनाभर बिनतक्रार चालली की जुन्या डिस्कचा विचार करता येतो. अडीच इंची असेल तर काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून तीच बॅकअपची डिस्क होते, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती निळी ‘गुड’ दिसत असेल तर. पिवळी असेल तर तिच्यावर नवं काही ठेवू नये.